धूर कोणाचा, खोकला माझा

"सिगरेट किती ओढता दिवसाला?"

पाठीवरचा स्टेथोस्कोप काढत डॉक्टरांनी विचारलं.

"एकही नाही."

"खरं सांगा. आई नाहीये इथे."

आई खरंच नव्हती, ती साताऱ्याला होती. आणि सिगरेटही खरंच नव्हती. होता तो फक्त खोकला. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, ख्रिसमसचा केकही खाऊन झाला, तरी हा पाहुणा काही जायचं नाव घेईना. क्लायंटशी फोनवर बोलताना अशी काही ढास लागायची की समोरचा म्हणायचा, "मॅडम, आपण नंतर बोलू." फ्रीलान्सरला 'नंतर बोलू' म्हणजे काय, ते फ्रीलान्सरलाच कळतं. नंतर कोणी बोलत नाही.

"राहता कुठे?"

"भायखळ्याला."

"खिडकीखाली काय आहे?"

हा काय प्रश्न झाला? "बेकरी," मी म्हटलं.

"आणि समोर?"

"टॉवर होतोय."

"वा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी इनहेलर लिहून दिला. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पर्समध्ये लिपस्टिकच्या शेजारी इनहेलर! रूममेटने तो पाहिला आणि म्हणाली, "अगं, हे तर माझ्या आजीकडे आहे."

ही गोष्ट डिसेंबर २०२४ ची. त्यानंतर दहा-बारा दिवसांत माझ्या खोकल्याचे दोन संशयित चक्क पेपरात छापून आले. ३० डिसेंबरला महापालिकेने जाहीर केलं की हवा फारच बिघडल्यामुळे भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली सगळी बांधकामं थांबवायची. म्हणजे माझा टॉवर. आणि ९ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या मुंबईतल्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर यावं. म्हणजे माझे चाचा.

मास कॉमला असताना आमचे सर सांगायचे, बातमीत आरोपी दोन असतील तर तिसरा शोधा. मी शोधायला निघाले. एका इंजिनिअर मित्राकडून तळहाताएवढं एक मशीन उसनं आणलं. हवेतले सूक्ष्म कण मोजणारं. "स्वस्तातलं आहे," त्याने बजावलं, "हवेत दमटपणा असला की जास्तच दाखवतं. आकड्यावर जाऊ नको, फरकावर जा." मी फरकावर गेले.

केसाच्या तिसाव्या भागाएवढा

आधी थोडं शास्त्र, फार नाही. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान व्यासाचे कण. आपला केस असतो साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाडीचा. म्हणजे केसाच्या जाडीत असे वीस-तीस कण सहज शेजारी शेजारी बसतील. पीएम १० हे त्यांचे मोठे भाऊ. त्यांतले बरेचसे नाका-घशात अडतात, शिंकेबरोबर बाहेर पडतात. हे धाकटे मात्र थेट फुप्फुसांच्या शेवटच्या गल्लीपर्यंत जातात आणि त्यांतले अगदी बारीक असतात ते तिथून रक्तात उतरतात. म्हणून यात दम्याइतकीच हृदयाचीही काळजी करावी लागते.

भारतात पीएम २.५ ची मर्यादा आहे दिवसाला ६० मायक्रोग्रॅम आणि वर्षाच्या सरासरीला ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपले आकडे आणखी खाली आणले : दिवसाला १५, वर्षाला ५. मोबाइलवर दिसतो तो एक्यूआय आणि हे मायक्रोग्रॅम एकच नव्हेत, हे मला या भानगडीतच कळलं. आपल्या एक्यूआयमध्ये १०० चा आकडा म्हणजे पीएम २.५ चे ६० मायक्रोग्रॅम. 'नव्वदच आहे, मस्त हवा आहे' म्हणत मी जॉगिंगला जायची, तेव्हा ती हवा जागतिक मर्यादेच्या तिप्पट-चौपट असायची.

आरोपी नंबर एक : टॉवर

समोरच्या टॉवरवर माझा फार राग. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं! ऑक्टोबर २०२३ मध्ये पालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली तेव्हापासून त्याच्याभोवती उंच पत्रे आहेत, हिरवं कापड आहे, गेटवर डंपरची चाकं धुवायची सोयही आहे. तरी धूळ येतेच.

पण मशीन घेऊन गेटसमोर उभी राहिले तेव्हा गंमत झाली. समोर धुळीचा लोट, डोळ्यात खडे, आणि पीएम १० चा आकडा उड्या मारतोय. पीएम २.५ चा मात्र त्या मानाने थोडाच हलला. मग कोपऱ्यावर आले. तिथे वॉचमन काका पालापाचोळा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांची शेकोटी करून हात शेकत बसले होते. धूर म्हणावा असा दिसतही नव्हता. आणि इथे छोट्या कणांचा आकडा असा सुसाट निघाला की मला वाटलं मशीन बिघडलं.

फंडा सोपा आहे. दळल्याने, फोडल्याने, उडाल्याने जे कण होतात ते बहुतेक जाडे असतात. जळल्याने होतात ते बारीक. डिझेल, लाकूड, कोळसा, कचरा, उदबत्ती, काहीही जाळा. सिमेंटच्या धुळीतही बारीक कण असतात, टॉवरला क्लीन चिट मिळाली असं नाही (त्याचे जनरेटर आणि डंपर डिझेलवरच चालतात). पण डोळ्यांना दिसणारी धूळ आणि माझ्या छातीत बसलेला माल यांची गल्लत मी इतके दिवस करत होते.

आणि ही गल्लत मी एकटीच करत नाहीये. केंद्र सरकारचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक सगळी त्यात आहेत. शहरांनी काय कामगिरी केली हे तिथे मोजलं गेलं ते मुख्यतः पीएम १० वर, मोठ्या भावावर. मग शहरं पैसे कशावर खर्च करणार? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये हिशेब मांडला : निधीतले ६४ टक्के रस्त्यांच्या धुळीवर. म्हणजे रस्ते बांधणं, खड्डे बुजवणं, झाडणारी यंत्रं, पाणी मारणं. लाकूड-कचरा जाळण्यावर साडेचौदा टक्के, वाहनांवर साडेबारा टक्क्यांच्या आसपास, आणि कारखान्यांवर एक टक्कासुद्धा नाही. माझ्या रस्त्यावर टँकरवर बसवलेली ती तोफ येते, हवेत तुषार उडवते, पोरं नाचतात, आम्ही रील काढतो. तो टँकर डिझेलवर चालतो, हे त्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पहाटेचा वास

आता बेकरी. माझ्यासाठी हा अवघड भाग आहे.

मी मुंबईत आले तेव्हा पहिले तीन महिने अक्षरशः चाचांच्या पावावर जगले. ब्रून, मस्का, कटिंग. महिनाअखेरीला उधारीवर. पहाटे चारला भट्टीतून पाव निघतो आणि त्याचा वास तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत येतो. या वासासाठी मी ही खोली घेतली, असं मी लोकांना सांगायचे. फ्लॅट बघायला आलेल्या मैत्रिणी खिडकीत उभ्या राहून "सो रोमँटिक!" म्हणायच्या.

एका शनिवारी पहाटे मशीन त्याच खिडकीत ठेवलं. रात्री झोपताना ऐंशीच्या आसपास होतं. तीनला भट्टी पेटली, चारला दोनशे ओलांडले. वासाबरोबर काय येतं ते पहिल्यांदा आकड्यात दिसलं.

खाली गेले. चाचा पेढीवर, आत कारीगर लांब फळीने लाद्या ओढत होते. भट्टीच्या तोंडाशी लाकडांचा ढीग. जवळून पाहिलं तर त्यात झाडाचं लाकूड कमीच. जुना दरवाजा, कपाटाचं फळकूट, प्लायवूड, पॅकिंगच्या खोक्यांच्या पट्ट्या. एका पट्टीवर निळा ऑइल पेंट तसाच होता.

"चाचा, हे काय जाळता?"

"बेटा, भंगारवाला सस्ता देता है. ओंडका लिया तो दुगना पैसा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू भी कोर्टवाली हो गई क्या?"

त्यांचं गणित त्यांनी समजावलं. पाव गरिबाचा. लादीचा भाव एक रुपयाने वाढवला तर वडापाववाला भांडायला येतो. भट्टी त्यांच्या आजोबांच्या काळातली, विटांची. एकदा तापली की दुसऱ्या दिवसापर्यंत ऊब धरून ठेवते. ती पाडायची, गॅसची नवी बसवायची, पाइपलाइन मागायची, तोवर कारीगरांना बसून पगार. "कोर्ट का बराबर है," ते म्हणाले, "लेकिन छह महिने में?" मला काय बोलावं सुचेना. कारण मला तो धूर बंद व्हायला हवा होता आणि पाव चार रुपयांनाच हवा होता.

रंगवलेलं लाकूड आणि प्लाय जाळला की धुराबरोबर रंगातली नि गोंदातली रसायनंही निघतात. शिवाय बेकरीचं धुरांडं काही कारखान्याइतकं उंच नसतं, ते आपल्या खिडक्यांच्या पातळीवर संपतं. शहराच्या एकूण हिशेबात बेकऱ्यांचा वाटा छोटा असेलही. पण तिसऱ्या मजल्यावर, पहाटे चारला, वारा पडलेला असताना, शहराची टक्केवारी काय कामाची?

धुराची सही

मग हे टक्के काढतात तरी कसे? मला वाटायचं कोणीतरी अंदाजपंचे ठोकत असेल. तसं नाही. शहरात ठिकठिकाणी यंत्रं ठेवून फिल्टरवर हवेतले कण गोळा करतात आणि प्रयोगशाळेत त्यांचं रसायन तपासतात. प्रत्येक धुराची एक सही असते. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम जास्त सापडलं तर माती आणि बांधकाम. लाकूड जळलं की त्यातल्या सेल्युलोजपासून लेव्होग्लुकोसॅन नावाचा पदार्थ तयार होतो, तो सापडला की लाकूड-पाला पकडला गेला. व्हॅनेडियम आणि निकेल म्हणजे जड तेल, जहाजांमध्ये जळतं तसं. तांबं, बेरियम म्हणजे ब्रेकची झीज. आणि मुंबईत सोडियम-क्लोरिन सापडतंच, कारण समुद्र. अगदी सीआयडी!

असा मोठा अभ्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सहा शहरांसाठी करून घेतला, त्याचा अहवाल २०११ मध्ये आला. मुंबईचं काम 'नीरी'कडे होतं, पुण्याचं 'एआरएआय'कडे. तेव्हाही हेच दिसलं होतं की जाड कणांत धुळीचा वाटा मोठा, बारीक कणांकडे वळलं की जाळण्याचा आणि वाहनांचा वाटा वर चढतो. म्हणजे माझ्या वॉचमन काकांच्या शेकोटीने जे सांगितलं, ते सरकारी अहवालात आधीच छापून आलेलं होतं.

कुर्ल्याची रिक्षा

सोमवारी बीकेसीत मीटिंग. भायखळ्याहून लोकलने कुर्ला, तिथून शेअर रिक्षा. लोकलच्या दारात आकडा बरा होता (गर्दी मात्र नेहमीची). कुर्ल्याला उतरून रिक्षाच्या रांगेत उभी राहिले आणि आकडा चढायला लागला. मी समोरच्या रिक्षांकडे रागाने पाहिलं. पण मुंबईच्या रिक्षा-टॅक्सी सीएनजीवर चालतात, त्यांतून बारीक कण त्या मानाने कमी निघतात. खरी उडी आकड्याने मारली ती सिग्नलला शेजारी जुना डिझेल टँकर येऊन उभा राहिला तेव्हा. सिग्नल सुटला, त्याने काळा ढेकर दिला, आम्ही चौघांनी रुमाल काढले. आकडा खाली यायला पुढचा चौक लागला.

१ एप्रिल २०२० पासून देशात विकली जाणारी नवी गाडी बीएस ६ असते. इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं आणि नव्या डिझेल गाड्यांना कण अडवणारा फिल्टर लागला. ही मोठी सुधारणा आहे, तिला दाद द्यायला हवी. पण टँकर काही मोबाइल नाही, दर दोन वर्षांनी बदलायला.

आणि आपली पीयूसी? माझ्या स्कूटीची पीयूसी नेहमी अप टू डेट. मामा अडवतात तेव्हा मी ती ऐटीत दाखवते. आता कळलं, पेट्रोल गाडीच्या पीयूसीत मोजतात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. डिझेलच्या पीयूसीत धूर किती गडद आहे ते. पीएम २.५ कोणी मोजतच नाही. इलेक्ट्रिक घेतली तर? धुराचा प्रश्न सुटतो, टायर आणि ब्रेक झिजायचे ते झिजतातच.

मीटिंगला मी पंधरा मिनिटं लेट. क्लायंटने विचारलं, "ट्रॅफिक?" मी म्हटलं, "पार्टिक्युलेट मॅटर." त्याला जोक कळला नाही.

हवेतच तयार होणारा माल

एका गोष्टीचा मात्र मशीनला पत्ता लागला नाही. सगळेच बारीक कण कुठल्या नळकांड्यातून बाहेर पडत नाहीत. काही वायू म्हणून निघतात आणि हवेत कण बनतात. कोळसा आणि तेल जाळल्यावर निघणारा सल्फर डायऑक्साइड पुढे सल्फेट होतो. गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड अमोनियाला भेटून नायट्रेट होतात. आपल्याकडे चेंबूर-माहुलला रिफायनऱ्या आहेत, ट्रॉम्बेला वीज केंद्र आहे, आणि वारा काही वॉर्डाची हद्द मानत नाही. वीज केंद्रांनी धुरातलं गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवावी असा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला, मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आतल्यांना मात्र ती नाही. चाचांना सहा महिने, आणि यांना दहा वर्षं. हा हिशेब मी त्यांना मुद्दामच सांगितला नाही.

मुंबईला या सगळ्यातून वाचवतो तो समुद्र. दिवसा खारा वारा येतो, घाण उचलून घेऊन जातो. हिवाळ्यात तो मंदावतो, उशिरा येतो, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि आपण पातेल्यात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तर मुंबईने काही दिवस दिल्लीलाही मागे टाकलं होतं. 'सफर' ही हवेच्या अंदाजाची यंत्रणा उभारणारे शास्त्रज्ञ गुफ्रान बेग यांनी त्याचा संबंध लागोपाठ तीन वर्षं टिकलेल्या ला निनाशी लावला. म्हणजे धूर आपलाच, पण तो किती दिवस मुक्कामाला राहणार हे प्रशांत महासागर ठरवतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं, तेव्हाचा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला होता आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. तो महिनाही हिवाळ्याचाच.

घरचा भेदी

मशीन परत करायच्या आदल्या रात्री ते टेबलावर सुरूच राहिलं. खिडक्या गच्च बंद, मी हुशार ना! अकराच्या सुमारास आकडा एकदम पाचशेच्या पुढे. भट्टी पेटायला चार तास बाकी, टँकर नाही, टॉवर झोपलेला.

रूममेटने मच्छरांची कॉइल लावली होती.

२००३ मध्ये एका अभ्यासात मोजलं होतं : एका कॉइलमधून जितके बारीक कण निघतात, तितके ७५ ते १३७ सिगरेटींमधून. डॉक्टरांनी सिगरेट किती ओढता म्हणून विचारलं तेव्हा मी ताठ मानेने 'एकही नाही' म्हटलं होतं. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "मग मच्छरदाणी लाव. मी पहिल्यापासून सांगतेय." मच्छरदाणी लावली. सो रोमँटिक, आता खरंच.

चाचांनी जुलै २०२५ च्या मुदतीच्या आधी भट्टी बदलली. तीन आठवडे बेकरी बंद होती, त्या तीन आठवड्यांत मी पॅकेटचा ब्रेड खाल्ला आणि तो ब्रेड नाहीच, हे माझं मत कायमचं पक्कं झालं. नव्या भट्टीचा पाव थोडा फिका आहे, कडकपणा पूर्वीसारखा नाही. भाव वाढला, वडापाववाला भांडून गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. मित्राकडून मशीन पुन्हा मागून आणलं आणि पहाटे चारला खिडकीत ठेवलं. आकडा रात्रीचाच होता, जागचा हलला नाही. सकाळी नऊला कुर्ल्याच्या सिग्नलवर मात्र सगळं पूर्वीसारखं.

मशीन घेऊन खाली गेले, चाचांना दाखवायला. ते भट्टीपाशी उभे होते. मी आकडा दाखवला, पूर्वीचा किती होता तेही सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, मान हलवली. मग त्यांना ढास लागली. माझ्यासारखीच, पण जास्त खोल, बराच वेळ चालणारी. त्या जुन्या भट्टीसमोर ते चाळीस वर्षं उभे होते.

"मशीन रहने दे, बेटा," श्वास जागेवर आल्यावर ते म्हणाले. "तेरा वो डॉक्टर किधर बैठता है?"

मी पत्ता सांगितला आणि मग म्हटलं, थांबा चाचा, मीच येते सोबत. माझाही इनहेलर संपत आला होता.